मा. श्री. निरंक

सार्वजनिक उद्यानात कार्यक्रम करायचा असेल तर जो 'नमुना नऊ' भरावा लागतो, तो मी तयार केलेला आहे. फुशारकी मारत नाही, वस्तुस्थिती सांगतो. उद्यान खात्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा मुख्य लिपिक म्हणून. त्या बारा वर्षांत खात्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक कागदावरचा स्वल्पविरामसुद्धा माझ्या नजरेखालून गेला आहे. नियम चौदाही माझाच. 'पूर्वपरवानगीशिवाय उद्यानात कोणताही कार्यक्रम, उपक्रम अथवा तीन किंवा अधिक व्यक्तींनी मिळून करावयाची हेतुपूर्वक हालचाल करता येणार नाही.' त्यातल्या 'हेतुपूर्वक' या शब्दावर मी आठवडाभर डोकं झिजवलं होतं. आधीच्या मसुद्यात नुसतंच 'हालचाल' होतं आणि तेव्हाचे साहेब म्हणाले होते, अहो, मग लोकांनी बागेत शिरायचं तरी कसं?

या नियमाचं तोंड मला स्वतःच्या घरात बघावं लागेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी बायको बागेतून परत आली ती पाय आपटतच. पाणी प्यायली, भांडं जरा जोरातच ठेवलं आणि म्हणाली, "शिट्टीने हाकललं आम्हाला."

शिट्टी म्हणजे बागेचा पहारेकरी. माझ्या निवृत्तीनंतर लागलेला, त्यामुळे माझी त्याची ओळख नाही, पण त्याच्या तोंडात कायम शिट्टी असते आणि बोलायच्या आधी तो ती वाजवतो हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे.

"तुम्ही केलंत काय?" मी विचारलं.

"सायकल शिकत होतो. मी, नर्सबाई आणि शिवणवाली. पंक्चरवाली शिकवत होती. अजून टांगसुद्धा टाकली नव्हती हो! तर म्हणे, चार जणी आहात, हेतुपूर्वक हालचाल करताय, परवानगी दाखवा."

हेतुपूर्वक! खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. इतकी वर्षं झाली, तरी शब्द टिकून होता. मग बायकोच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि मी वर्तमानपत्र उघडलं.

ती एकसष्ट वर्षांची आहे. या वयात तिला सायकलचं खूळ का लागलं हे सांगायला हवं. तिची ताई कालव्याच्या पलीकडे राहते. गेल्या वर्षी ताईच्या अंगाची डावी बाजू गेली आणि तिच्याबरोबर तिचं बोलणंही. म्हणजे ती बोलते, दिवसभर बोलते, पण ते काय आहे हे फक्त माझ्या बायकोला कळतं. ताईचा मुलगा तिचं सगळं करतो, जेवू घालतो, कूस बदलतो. पण ताई काही सांगायला लागली की तो बिचारा नुसती मान हलवतो, आणि त्याने चुकीच्या जागी मान हलवली की ताई रडते. बायको तिथे गेली की आठवड्याचं तुंबलेलं सगळं ताई तिच्याजवळ रिकामं करते. आधी त्या बाजूला बस जायची, ती बंद झाली. मग मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेत असे. हिवाळ्यात माझ्या कमरेने दगा दिला, तेव्हापासून भाचा न्यायला येईल तेव्हाच तिचं जाणं होतं. तो कधी महिन्यातून एकदा येतो, कधी तेवढंही जमत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी मला सांगायची नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा ती मला म्हणाली होती, मला सायकल शिकवा ना. मी म्हणालो होतो, "बघू." कचेरीत 'बघू' इतका उपयोगी शब्द दुसरा नाही. त्यात होकार नसतो, नकारही नसतो, आणि त्याविरुद्ध कुठे अपील करता येत नाही. पुढेही तिने तीनचारदा विचारलं. मग विचारायची थांबली. मला वाटलं, विसरली.

तर दुसऱ्या दिवशी ती स्वतः कचेरीत जाऊन नमुना नऊ घेऊन आली. "तुम्ही एक शब्द टाकलात तर?" असं तिने जाताना विचारलं होतं. मी म्हणालो, माझ्या ओळखीने काम झालं असं उद्या कुणी म्हणायला नको. तत्त्व म्हणजे तत्त्व. जेवणाच्या टेबलावर तिने अर्ज पसरला, चष्मा लावला आणि पेनाचं टोपण दातात धरलं.

"अहो, यात व्यासपीठाची उंची विचारलीय."

"मग?"

"सायकल शिकायचीय आम्हाला. व्यासपीठावरून खाली नाही यायचं."

"रकाना रिकामा सोडायचा नाही. खाली तळटीप आहे, वाच."

"मग लिहू काय?"

"निरंक."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. जिथे काही नसतं तिथे कचेरीच्या कागदावर निरंक लिहायचं. रिकामी जागा दिसली की उद्या कुणीही तिथे काहीही भरेल."

"आणि अध्यक्ष?"

"निरंक."

"प्रमुख पाहुणे?"

"तेही निरंक. आता प्रत्येक वेळी मला विचारू नकोस."

तिने आपल्या गोल, शाळकरी अक्षरात अकरा ठिकाणी निरंक लिहिलं. 'कार्यक्रमाचे नाव' या रकान्यात लिहिलं, 'सायकल शिकणे'. 'कार्यक्रमाचा उद्देश' या रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली आणि मग लिहिलं, 'ताईकडे जाणे'. हे असं लिहीत नाहीत, असं मी म्हणणार होतो. पण म्हणालो नाही.

का म्हणालो नाही, तेही सांगून टाकतो. प्रमुख पाहुण्यांशिवाय नमुना नऊ मंजूर होत नाही. होऊच शकत नाही. 'त्रुटी आढळल्याने परत' असा शेरा मारून तो अर्जदाराकडे येतो, आणि ही व्यवस्थाही माझीच आहे. तिचा अर्ज दोनतीनदा असा फिरणार, पाऊस सुरू होणार, बायकांचा उत्साह मावळणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. ज्या बागेत लोक मला थांबून नमस्कार करायचे तिथे माझी बायको चारचौघांत आपटावी, हे मला नको होतं. आणि दुसरं असं की, माझी कमर गेल्यावरसुद्धा ती अधूनमधून "अहो, आज नेता का?" असं विचारायची. मी नाही म्हणायचो, पण ते विचारलेलं मला आवडायचं. तत्त्व वगैरे सगळं नंतर.

अकराव्या दिवशी परवानगीचं पत्र आलं.

माझा विश्वास बसेना. पत्र चांगल्या जाड कागदावर होतं. 'मा. श्री. निरंक यांच्या शुभहस्ते व मा. श्री. निरंक यांच्याच अध्यक्षतेखाली रविवारी सकाळी सात वाजता होणाऱ्या "सायकल शिकणे" या कार्यक्रमास, आणि त्यानंतर तीन महिने दर रविवारी त्याच उपक्रमास, खालील अटींवर परवानगी देण्यात येत आहे.'

बायकोने ते दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शेजारून शिवणवाली आली, तिला वाचून दाखवलं, मग दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या नमुन्यावर, माझ्या खात्याच्या शिक्क्याखाली, अस्तित्वात नसलेला माणूस 'मा. श्री.' होऊन बसला होता.

"चूक दुरुस्त करून घ्यायला हवी," मी म्हणालो.

"परवानगी मिळालीय ना? मग?"

"चूक ती चूक."

मी चपला घालत होतो तेव्हा तिचा फोन चालू होता. पलीकडे भाच्याने ताईच्या कानाला फोन लावून दिला असावा. "रविवारपासून शिकतेय गं," ही सांगत होती. "मग माझी मी येईन. कुणाची वाट बघायला नको." पलीकडून नुसता घरघरता आवाज, बराच वेळ. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. ही मात्र मध्येच हसली आणि म्हणाली, "नाही गं पडणार. आणि पडले तर पडले, तू काय कमी वेळा पडली होतीस झाडावरून?" पलीकडे ताई हसली. ते हसणं मलाही कळलं. मी तसाच बाहेर पडलो.

कचेरीतली माझी जागा आता तिथे नाही. जिथे माझं टेबल होतं तिथे पाण्याचं यंत्र आहे. खिडकीवर एक मुलगी बसली होती, हुशार दिसत होती, कानावर पेन्सिल अडकवलेली. मी कोण ते तिला सांगितलं नाही. एक अर्ज कसा भरला गेला ते विचारायचं आहे, इतकंच म्हणालो.

"आता सगळं कम्प्युटरवर असतं काका," ती म्हणाली. "कागद आला की मी टाइप करते. आकड्याचा रकाना असला आणि आकडा नसला की तो आपोआप शून्य घेतो. नावाचा असला की नाव घेतो आणि मा. श्री. स्वतःच लावतो."

"आणि साहेबांनी सही करताना विचारलं नाही, हे निरंक कोण?"

तिने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "विचारलं ना. मला म्हणाले, तुला माहीत नाहीत? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, वरचे असतील. पाहुणेही तेच आणि अध्यक्षही तेच म्हणजे भलताच मोठा माणूस असणार. लगेच सही केली. बागेतला रस्तासुद्धा नीट करून घेतला, दोन वर्षं खड्डा होता तिथे." मग तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "का? काही चुकलंय का? चुकलं असेल तर परवानगी रद्द करून नवा अर्ज घ्यावा लागेल. दोनतीन महिने जातील."

माझं तोंड उघडं होतं. एकतीस वर्षांत मी फायलीत चूक दिसली आणि सोडली असं एकदाही झालं नव्हतं. कानात अजून ताईची ती घरघर होती आणि त्यावर बायकोचं हसणं.

"काही नाही," मी म्हणालो. "अक्षर बरोबर आहे का एवढंच बघायचं होतं."

"तुम्ही ओळखता निरंक साहेबांना?"

"चांगलंच," मी म्हणालो आणि निघालो.

घरी येताना मात्र मला अट क्रमांक सहा आठवली. 'प्रमुख पाहुणे नियोजित वेळेपासून अर्ध्या तासात उपस्थित न झाल्यास परवानगी आपोआप रद्द समजण्यात येईल.' एकेकाळी मोठमोठे लोक बागेत कार्यक्रम ठेवायचे, हिरवळ तुडवली जायची आणि स्वतः यायचेच नाहीत, म्हणून मी ती घातली होती. मी बायकोला अट दाखवली. ती म्हणाली, "कोण विचारतंय?" मला माहीत होतं कोण विचारतंय. पाहुणे आले की नाही याची नोंद पहारेकऱ्याच्या वहीत व्हावी, हेही मीच लिहून ठेवलं होतं.

रविवारी ती साडेसहालाच निघाली. चापूनचोपून आवरलेली, केस घट्ट बांधलेले. "येताय?" तिने विचारलं. मी सवयीने म्हणालो, "बघू." ती गेली. दहा मिनिटांनी मीही निघालो आणि बागेच्या बाहेर, मेंदीच्या कुंपणाआड उभा राहिलो. मेंदी छातीइतकीच होती, त्यामुळे मला जरा वाकावं लागत होतं आणि कमर ठणकत होती.

आत सगळा थाट होता. नव्या डांबरी रस्त्यावर आडवी लाल फीत. दोन खुर्च्या, एक अध्यक्षांची, एक पाहुण्यांची. सही करणारे उद्यान अधीक्षक स्वतः, माझ्या निवृत्तीनंतर बदलून आलेले, इस्त्रीच्या शर्टात, हातात पुष्पगुच्छ घेऊन फाटकाकडे बघत होते. शेजारी शिट्टी वही उघडून तयार. फितीच्या अलीकडे चार बायका आणि दोन सायकली. पंक्चरवालीने दोन्ही सायकली पुसून चकाचक केल्या होत्या. बायकोने एकीचं हँडल दोन्ही हातांनी असं घट्ट धरलं होतं की कुणी हिसकावून घेईल.

सात वाजून दहा मिनिटं झाली. मग वीस. अधीक्षक पुष्पगुच्छ या हातातून त्या हातात घेत होते. शिट्टी शिट्टी वाजवून म्हणाला, "साहेब, साडेसात झाले की अट सहा."

"बाई," अधीक्षक माझ्या बायकोला म्हणाले, "निरंक साहेब निघालेत ना? जरा फोन लावून बघता?"

माझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही. तत्त्व म्हणून नाही, जमतच नाही. आधी तिचे कान लाल होतात. मला कुंपणाआडून ते लाल झालेले दिसले. तिने सायकलकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि खांदे पाडले. इतकी वर्षं मी 'बघू' म्हटल्यावर तिचे खांदे असेच पडत असणार. मी तेव्हा फायलीत बघत होतो.

"साहेब, खरं सांगायचं तर," ती म्हणाली, "निरंक म्हणजे..."

"मी," मी कुंपणापलीकडून म्हणालो.

सगळ्यांनी माना वळवल्या. मी सरळ झालो, कमर धरली आणि फाटकातून आत आलो. अधीक्षक धावतच पुढे आले. "या साहेब, या! आम्ही म्हटलं गाडीतून येणार. चालत आलात?"

"सवय आहे," मी म्हणालो.

नर्सबाईने तोंडावर रुमाल धरला. पंक्चरवाली खाली बसून उगाच चाकातली हवा तपासू लागली. अधीक्षकांना कसलीशी शंका आली असावी, कारण त्यांनी बायकोला विचारलं, "आपण ओळखता ना यांना?"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कान आता अजिबात लाल नव्हते.

"हो तर," ती म्हणाली. "चाळीस वर्षं ओळखते. पहिल्या दिवसापासून निरंकच आहेत."

अधीक्षक समाधानाने हसले. शिट्टीने वहीत बरोबरची खूण केली. मी मान खाली घातली आणि फीत कापली. मग दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला. साहेब लोकांची भाषणं मी वर्षानुवर्षं लिहून दिली आहेत, कुठल्याही विषयावर वीस मिनिटं काढू शकतो. पण बायको समोर उभी होती आणि मला एक वाक्य सुचेना.

"भाषण राहू द्या," ती म्हणाली. "मागून धरा."

शिवणवालीची सायकल पंक्चरवालीने धरली, हिची मी. बायको सीटवर बसली, एक पाय पेडलवर, दुसरा जमिनीवर. मी कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं. ज्या कॅरिअरवर तिला बसवून नेण्याची मला सवय, तसंच ते होतं. फक्त आज ती पुढे होती.

"धरलंय ना?"

"धरलंय."

तिने पाय मारला. सायकल आधी डावीकडे कलली, मग उजवीकडे, मग रस्त्याच्या मधोमध आली. मी मागे धावत होतो, कमरेतून कळा येत होत्या, आणि मागून अधीक्षकांचा आवाज ऐकू येत होता, "किती साधा माणूस!" पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याला तिने वेग घेतला. मी कॅरिअर सोडलं असं नंतर नर्सबाईने सगळ्यांना सांगितलं. ते खरं नाही. मी सोडलं नाही. सुटलं. मला जमेना आणि ती थांबेना, एवढंच. कारंज्याला पूर्ण वळसा घालून ती आली आणि मला रस्त्यात उभा पाहून इतकी दचकली की सरळ मेंदीत शिरली.

मी धापा टाकत पोचेपर्यंत ती उठून बसली होती. कोपर सोललं होतं, केसांत पानं होती. ती हसत होती. "मघाशी मागे कुणीच नव्हतं?" तिने विचारलं. मी मान हलवली. "पूर्ण फेरा?" मी पुन्हा मान हलवली. या वेळी योग्य जागी हलवली होती.

कार्यक्रम झाल्यावर तीन दिवसांत नमुना दहा भरून द्यावा लागतो, समाप्ती अहवाल. तो तिने घरी, मला काही न विचारता भरला आणि टेबलावर ठेवला. मी अर्थातच वाचला.

'प्रमुख पाहुणे उपस्थित होते काय: होते. उशिरा.'

'पाहुण्यांचे भाषण: निरंक.'

'मालमत्तेचे नुकसान: मेंदी, थोडी.'

'इतर उल्लेखनीय बाबी: पाहुणे पळाले.'

"हे शेवटचं बदलायला हवं," मी म्हणालो. "पळाले याचा अर्थ पळून गेले असाही होतो. धावले लिही."

"नको," ती म्हणाली. "दोन्ही बरोबर आहेत."

मी अहवालाची घडी घातली आणि पाकिटात ठेवला. एकाही अक्षराला हात लावला नाही.

पाच रविवार गेले. सहाव्या आठवड्यात, बुधवारी, तिने माझी सायकल बाहेर काढली. पंक्चरवालीने सीट खाली करून दिली होती. कालव्याचा रस्ता सकाळी मोकळा असतो. ताईला कळवलं होतं, आणि ताईने पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगितलं होतं. काय ते मी विचारलं नाही. आमच्या घरात ते एकट्या तिलाच कळतं आणि आता ती तिकडे निघाली होती.

मी फाटक उघडून धरलं. कॅरिअर मोकळं होतं.

"परत कधी येशील?" मी विचारलं.

तिने टांग टाकली, तोल सावरला आणि मागे वळून न पाहता म्हणाली, "बघू."